कंठ काढल्यानंतरची वाणी: दीडशे वर्षांचा इतिहास

गोंदियाचं नाव काढलं की तेंदूपत्ता आणि विडी आठवते. उन्हाळ्यात जंगलातून पानं तोडायची, बायकांनी घरोघर विड्या वळायच्या, यावर कित्येक संसार उभे राहिले. पण ओढणाऱ्यांपैकी काहींना त्याची किंमत स्वरयंत्र देऊन चुकवावी लागते. तंबाखूचा धूर हे स्वरयंत्राच्या कर्करोगाचं प्रमुख कारण आहे. रोग फार पुढे गेला तर अनेकदा संपूर्ण स्वरयंत्र काढावं लागतं. त्यानंतर माणूस बोलतो कसा, हे आज आपण पाहू.

शस्त्रक्रियेत श्वासनलिकेचा तोंडाशी असलेला संबंध तोडून तिचं टोक मानेच्या पुढच्या भागात छिद्राशी जोडतात. आमच्या विषयाच्या भाषेत सांगायचं तर मध्यमा शाबूत राहते, वैखरी जाते. मनात शब्द तयार असतो, जीभ आणि ओठही तयार असतात, पण वारा नसतो. म्हणून प्रश्न दोनच उरतात: वारा कुठून आणायचा आणि कंप कशाने निर्माण करायचा?

३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगासाठी पहिल्यांदा संपूर्ण स्वरयंत्र काढलं. त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर यांनी लगेच त्या रुग्णासाठी कंप पावणारी पट्टी बसवलेली नळी तयार केली. रुग्ण एकसुरी का होईना, बोलला. म्हणजे बघा, शस्त्रक्रिया आणि वाणीचं साधन एकाच वेळी जन्मले.

पुढे तीन वाटा रुळल्या. पहिली, अन्ननलिकेत हवा घेऊन ती ढेकरासारखी सोडत बोलायचं. हिला यंत्र लागत नाही, पण शिकायला महिने लागतात आणि सगळ्यांना ती साधत नाही. दुसरी, मानेला लावायचं विजेवरचं कंपक यंत्र. कंप मिळतो, पण फुप्फुसाचा वारा तोंडात येत नाही. इथे मराठी माणसाची खास अडचण होते. ख, घ, भ यांना आपले व्याकरणकार महाप्राण म्हणतात, आणि नेमका तो प्राणच इथे तोकडा पडतो. मग 'भात' हा 'बात' ऐकू येतो, 'घर' हे 'गर'.

तिसरी वाट १९८० च्या सुमारास अमेरिकेत मार्क सिंगर आणि एरिक ब्लॉम यांनी रूढ केली. श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये एकाच दिशेने उघडणारी छोटी झडप बसवायची. मानेचं छिद्र अंगठ्याने झाकलं की फुप्फुसातला वारा अन्ननलिकेतून तोंडाकडे जातो. आवाज घोगरा असतो, पण आपल्याच श्वासाचा असतो. मात्र बुरशीमुळे झडप काही महिन्यांत खराब होते आणि बदलावी लागते. परदेशी झडपेला हजारो रुपये मोजावे लागत. २०१५ च्या सुमारास बंगळूरचे शल्यचिकित्सक विशाल राव आणि त्यांचे उद्योजक मित्र शशांक महेश यांनी सुमारे ५० रुपयांची झडप तयार केली, तेव्हा या इतिहासाला खरं वळण लागलं.

बोलण्याइतकाच श्वासाचाही प्रश्न आहे. नाक हवा गाळतं, ओलसर करतं. मानेचं छिद्र ते करत नाही. गोंदियाच्या मे महिन्यातल्या कोरड्या, धुळीच्या हवेत त्यावर फिल्टर नाहीतर ओलसर सुती कापड हवंच. आंघोळीचं पाणी आत जाऊ द्यायचं नाही. आणि अशा माणसाचा श्वास थांबला तर कृत्रिम श्वास तोंडातून नव्हे, मानेतून द्यायचा. हे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना माहीत असायला हवं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाणीच्या दिव्यांगत्वाचं कारण म्हणून स्वरयंत्र काढण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे प्रमाणपत्र मागणं ही याचना नव्हे. पण तेवढ्याने भागत नाही. झडप स्वस्त झाली तरी ती बदलण्यासाठी रेल्वेने १३० किलोमीटरवरच्या नागपूरला जायचं, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. ती बुडवणं परवडत नाही म्हणून माणूस पुन्हा मुका होतो. आपल्या मते वाणी परत देणं म्हणजे एकदा साधन बसवून मोकळं होणं नव्हे. ते घराजवळ, वेळेवर बदलून मिळणं हाही उपचाराचाच भाग आहे.

आमच्या परिचयातले एक गृहस्थ बरीच वर्षं खिशात छोटी पाटी बाळगत. ते म्हणत, लिहून होईपर्यंत समोरचा निघून जातो. तेव्हा मानेला अंगठा लावून कुणी बोलू लागलं, तर आपण थांबू या. त्यांचं वाक्य त्यांनाच पुरं करू द्या.