तळटीप : ‘लाल केसांची ल्यूसी’

* लेखकाचा रोख अमेरिकी अभिनेत्री ल्यूसिल बॉल (१९११–१९८९) हिच्याकडे आहे. जन्म न्यूयॉर्क राज्यातील जेम्सटाउनचा. १९३०च्या दशकात ती आरकेओ स्टुडिओत पगारी नटी होती. ‘स्टेज डोअर’ (१९३७), ‘द बिग स्ट्रीट’ (१९४२) हे तिचे तिथले चित्रपट. खरे नाव झाले ते ‘आय लव्ह ल्यूसी’ (सीबीएस, १९५१–५७) या मालिकेमुळे. तीत ल्यूसीच्या नवऱ्याचे काम तिचा खराखुरा नवरा, क्यूबात जन्मलेला गायक देसी अर्नाझ यानेच केले. तेव्हा अनेक मालिका थेट प्रक्षेपित होत. ही मात्र प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी, फिल्मवर चित्रित झाली. म्हणून तिची पुनःप्रक्षेपणे आजही पाहता येतात. चॉकलेटच्या कारखान्यात सरकता पट्टा वेग घेतो आणि कागदात गुंडाळायची राहिलेली चॉकलेटे ल्यूसी तोंडात, टोपीत, पोलक्यात कोंबते, तो गाजलेला प्रसंग १९५२चा. दोघांच्या ‘देसिलू’ संस्थेने पुढे आरकेओचीच वास्तू विकत घेतली. १९६०च्या घटस्फोटानंतर, १९६२मध्ये, अर्नाझचा हिस्सा घेऊन ल्यूसिल संस्थेची प्रमुख झाली. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन : इम्पॉसिबल’ या मालिका तिथल्याच. ‘लाल केसांची’ हे विशेषण मात्र गमतीचे आहे : मूळ केस तपकिरी, लाली रंगाची, आणि मालिका कृष्णधवल! — संपा.