घडीतले कथन : पॉप-अप परीकथांविषयी

बालसाहित्याच्या इतिहासात पॉप-अप पुस्तकांची दखल सहसा ओझरतीच घेतली जाते. मजकूर त्रोटक, कथा जुनीच, आणि प्रती मुलांच्या हाताळणीत फाटून गेलेल्या; मग समीक्षकाने वाचायचे तरी काय? आम्हाला असे वाटते की, या पुस्तकांतील कथन शब्दांपेक्षा कागदाच्या घडीत अधिक असते. ती घडी वाचल्याखेरीज त्यांचे मूल्यमापन अपुरेच राहते.

हलत्या कागदाची ही युक्ती मुळात मुलांसाठी नव्हती. तेराव्या शतकात मायोर्का बेटावरील रामोन लुल याने तत्त्वचिंतनासाठी फिरत्या चकत्या योजल्या. सोळाव्या शतकातील शरीररचनेच्या चित्रांत कागदी झडपा उचलून आतील अवयव पाहता येत. परीकथेशी या युक्तीची ठळक गाठ पडली ती १८५० नंतरच्या दशकात. लंडनच्या डीन अँड सन या प्रकाशनसंस्थेने ‘सिंड्रेला’सारख्या कथांमध्ये कापलेल्या चित्रांचे थर फितीने जोडले, फीत ओढली की रंगमंचासारखे दृश्य उभे राही. पुढे म्यूनिकच्या लोटार मेगेनडॉर्फर (१८४७–१९२५) याने एकाच पट्टीच्या ओढीने चित्रातील अनेक भाग हलते केले. ‘पॉप-अप’ हे नाव मात्र १९३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्लू रिबन या प्रकाशनसंस्थेने रूढ केले.

या परंपरेतील महत्त्वाचा कलावंत म्हणजे प्रागचा वोयटेख कुबाश्ता (१९१४–१९९२). त्याचे शिक्षण वास्तुशास्त्राचे. चेकोस्लोव्हाकियात १९४८ नंतर प्रकाशनव्यवसाय सरकारच्या ताब्यात गेला आणि कुबाश्ताची पुस्तके ‘आर्टिया’ या सरकारी निर्यातसंस्थेमार्फत अनेक भाषांत पोहोचली. चित्रे तीच, मजकूर तेवढा बदललेला. जाड कागदाचा एकच तुकडा कापून, दुमडून तो महाल किंवा अरण्य उभारी. चिकटवण्याचे काम त्यामुळे कमी होई. पॉप-अप पुस्तकाची जुळणी हातानेच करावी लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे या काटकसरीचे मोल कळते.

परंतु घडी ही केवळ सजावट नसते. ती कथेचे संपादनही करते. सिंड्रेलाच्या कथेची दोन प्रसिद्ध रूपे आहेत. शार्ल पेरोच्या १६९७च्या कथेत भोपळ्याचा रथ होतो. ग्रिम बंधूंच्या कथेत ना भोपळा, ना परी. तिथे आईच्या थडग्यावर वाढलेले झाड आहे, राखेतून मसूर वेचण्याचे कष्ट आहेत. घडीला पेरो सोयीचा, कारण रूपांतर हाच तिचा स्वभाव. रथ, महाल, नृत्य यांना उभे राहता येते. पोरक्या मुलीचे दीर्घ दुःख मात्र सपाट पानावरच्या ओळींत उरते. जे उठून दिसते तेच मुलाच्या स्मरणात राहणार असेल, तर कागद कापणाऱ्याने कथेचा अर्थही कापलेला असतो.

आपल्याकडच्या कहाणीत ‘आटपाट नगर’ म्हटले की प्रत्येक श्रोता आपापले नगर रचतो. पॉप-अप पुस्तक ते नगर आयतेच उभे करते; कल्पनेचा एवढा वाव त्याने निश्चितच हिरावला आहे. त्याच्या बदल्यात ते मुलाला निवेदकाचा अधिकार देते. दोन पाने उघडताना कण्याशी जो ताण निर्माण होतो त्यानेच महाल उठतो, आणि तो ताण मुलाच्या हाताचा असतो. उघडण्याची गती त्याची, थांबणे त्याचे. पान मिटले की महाल कोसळतो, जणू मध्यरात्रीचे बारा वाजले. आणि ते बारा वाजवणारेही तेच मूल असते.

अक्षरओळख होण्यापूर्वीच मुलाला कथा घडवण्याचा हा अनुभव मिळतो. ‘वाचक’ या संकल्पनेची चर्चा करताना आपण त्याला कुठे जागा देणार आहोत? फाटलेली झडप हा आम्हाला तरी वाचनाचाच पुरावा वाटतो.