दुःखाचे नाव काय? : अबू झैद बल्खी यांचा ग्रंथ

इस्लामी वैद्यकाचा विषय निघाला की इब्न सीना आणि राझी ही दोन नावे हटकून घेतली जातात. मनाच्या दुखण्यांची नीट वर्गवारी करणारे अबू झैद अल-बल्खी मात्र आपल्याला फारसे ठाऊक नसतात.

त्यांचा जन्म इ.स. 850 च्या सुमारास, आजच्या अफगाणिस्तानातील बल्खजवळच्या एका खेड्यात झाला. वडील शिक्षक होते. तरुणपणी ते इराकला गेले आणि तत्त्ववेत्ते अल-किंदी यांच्याकडे शिकले. किंदींनी दुःख दूर करण्याच्या उपायांवर एक रिसाला लिहिला होता. प्रिय गोष्ट हरपली किंवा हवी ती मिळाली नाही की मनाला होणारी वेदना म्हणजे दुःख, असे त्यांचे म्हणणे. शिष्याने हा विचार पुढे नेला.

934 मध्ये निधन पावलेल्या बल्खींचा 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' हा ग्रंथ शरीर आणि मन यांच्या हिताविषयी आहे. वैद्य शरीराचे लिहितात आणि मनाचे सोडून देतात, ही त्यांची तक्रार होती. त्यांनी मनाच्या विकारांचे चार प्रकार मांडले : राग, भय, दुःख आणि वसवसा. त्यांतही पायऱ्या दाखवल्या. 'हुज्न' म्हणजे दुःख, आणि तेच अनावर झाले की 'जजा'.

दुःखाचेही त्यांनी दोन प्रकार केले. एकाचे कारण माणसाला माहीत असते : जिवलगाचा मृत्यू, मालमत्तेचे नुकसान. दुसऱ्याचे कारण सापडतच नाही. माणूस नुसता खचत जातो. पहिल्याला समजुतीचे बोल आणि स्वतःचा विचार उपयोगी पडतो. दुसऱ्याचे मूळ शरीरात, रक्ताच्या दोषात आहे, म्हणून औषधोपचारही हवेत, असे त्यांनी सांगितले. रक्तदोषाची ती उपपत्ती आज टिकत नाही. आजचे सगळे मानसशास्त्र आमच्याकडे आधीच होते, असा दावाही आम्ही करणार नाही. पण वरून सारख्या दिसणाऱ्या दोन दुःखांना वेगळे ओळखल्याशिवाय इलाज ठरत नाही, ही त्यांची दृष्टी आजही खरी आहे.

या ग्रंथाची हस्तलिखिते इस्तंबूलमध्ये जपली गेली. 1984 मध्ये फुआत सेझगिन यांनी फ्रँकफर्टहून हस्तलिखिताची प्रतिकृती छापली आणि सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी मनाविषयीचा भाग 2013 मध्ये इंग्रजीत आणला.

गंमत अशी की बल्खींचे बरेच शब्द आपल्या घरात आहेत. गजब, खौफ, वसवसा हे शब्द उर्दूत रोज येतात. आक्रोशाला तर आपण 'जजा-फजा' म्हणतो. तरीही वर्गातल्या मुलाला काय झाले विचारले, तर उत्तर एकच : 'टेन्शन आहे.' त्या एका शब्दाखाली परीक्षेची भीती असते, घरातल्या भांडणाचा राग असतो, कधी गेलेल्या दादीची आठवण असते. आम्ही शिक्षकही पुढे विचारत नाही.

मोठ्यांचे तर आणखी अवघड. कुणी महिनोन् महिने उदास असले की 'इमान कच्चे आहे' किंवा 'नजर लागली' म्हणून आपण मोकळे होतो. डॉक्टरांकडे जायची त्याला लाज वाटते आणि दुखणे वाढत राहते. बल्खींचे मत असे की मनाच्या या त्रासांतून कुणीही माणूस सुटलेला नाही. पैगंबरांच्या पत्नी हजरत खदीजा आणि चाचा अबू तालिब 619 च्या सुमारास वारले. ते वर्ष सीरतच्या ग्रंथांत 'आमुल हुज्न', दुःखाचे वर्ष, म्हणूनच नोंदले गेले आहे. तिथे दुःखाला दुःख म्हणण्याची कुणाला लाज वाटली नाही.

घरात औषधे साठवून ठेवतो तसे मन शांत असताना चांगले विचार साठवून ठेवावेत, असाही बल्खींचा सल्ला आहे. आम्हाला वाटते, त्या साठ्यात नेमके शब्दही असावेत. 'टेन्शन' म्हणणाऱ्या मुलाला आपण एवढेच विचारावे : बेटा, भीती वाटते, राग आला आहे, की वाईट वाटते? उत्तर कळले की पुढे कुणाकडे जायचे तेही कळते : अम्मीकडे, शिक्षकांकडे, की डॉक्टरांकडे.