उंच केलेल्या फोर-बाय-फोर वाहनातील चालनयंत्रणेच्या आवाजाचे निदान

इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या भागांच्या समूहास चालनयंत्रणा म्हणतात. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा व मागचा प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, आस आणि चाकांचे हब हे फोर-बाय-फोर वाहनातील तिचे मुख्य घटक होत. असे वाहन मूळ उंचीपेक्षा वर उचलले की या घटकांचे परस्परांशी असलेले कोन बदलतात, आणि पूर्वी नसलेला आवाज किंवा थरथर सुरू होते. तिचे मूळ शोधण्याच्या पद्धतीचे वर्णन या लेखात केले आहे. उचललेल्या गाडीत आवाज करणारा भाग हा पुष्कळदा दोषाचा उगम नसतो, तर दोषाचा बळी असतो. त्यामुळे कोन न मोजता भाग बदलल्यास नवा भागही थोड्याच काळात तसाच वाजू लागतो.

पार्श्वभूमी

1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे आलेल्या सीजे-3बी, एमएम-540 यांसारख्या गाड्यांना पुढे-मागे अखंड आस आणि कमानपाटे असत. 2010 साली आलेल्या थारमध्ये पुढची निलंबन-व्यवस्था स्वतंत्र झाली, मात्र मागे कमानपाटेच राहिले. 2 ऑक्टोबर 2020 रोजी सादर झालेल्या दुसऱ्या पिढीच्या थारमध्ये मागेही कॉइल स्प्रिंग आल्या, पण मागचा आस अखंडच ठेवला गेला. हा फरक निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अखंड आसाची गाडी उचलल्यास मुख्य ताण प्रोपेलर शाफ्टवर येतो, तर स्वतंत्र निलंबनाच्या गाडीत पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या आखूड अर्धआसांवरही तो येतो.

उंची वाढल्याने काय बदलते

‘गाडी उचलली’ या एका शब्दप्रयोगात तीन वेगळ्या गोष्टी येतात. मोठे टायर बसवल्यास संपूर्ण गाडी वर जाते, शाफ्टचे कोन तेच राहतात. चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घातल्यास केवळ बॉडी वर जाते, तेव्हाही शाफ्टला धक्का लागत नाही. कमानपाटे, शॅकल किंवा स्प्रिंग बदलून चासीच उचलली, तर ट्रान्सफर केस वर जाते, डिफरन्शियल खालीच राहते आणि त्यांना जोडणारा शाफ्ट अधिक तिरपा होतो. म्हणून यांपैकी नेमके काय केले आहे, हा पहिला प्रश्न होय.

शाफ्ट जितका आखूड, तितका परिणाम मोठा. चासी 5 सेंटिमीटर उचलली असता 120 सेंटिमीटर लांबीचा शाफ्ट सुमारे अडीच अंशांनी अधिक कलतो, तर 60 सेंटिमीटरचा शाफ्ट जवळजवळ 5 अंशांनी. आखूड जीपवर्गीय गाड्या उंचीबाबत नाजूक ठरतात त्या यामुळे.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो. त्याच्या मध्यभागी असलेल्या अधिकचिन्हाच्या आकाराच्या भागाला गॅरेजमध्ये ‘क्रॉस’ म्हणतात. हा जॉइंट कोनात फिरताना पुढे दिलेली गती एकसारखी नसते. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते आणि दोनदा घटते. 10 अंशांच्या कोनात हा चढउतार दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का असतो, 20 अंशांत तो सहा टक्क्यांवर जातो. कोन दुप्पट, पण चढउतार चौपट! दोन्ही टोकांचे कोन समान असतील आणि जॉइंट एकाच रेषेत बसवलेले असतील, तर एकाचा चढउतार दुसरा नाहीसा करतो. सामान्यतः या दोन कोनांतील तफावत एका अंशाच्या आत असावी लागते. एका टोकाला दुहेरी जॉइंट असलेल्या शाफ्टला मात्र हा नियम लागू नाही. तेथे डिफरन्शियलच्या पिनियनचे तोंड थेट शाफ्टच्या दिशेने असावे लागते.

आवाजाचे स्वरूप

आवाज कसा आहे, यापेक्षा तो कशाने बदलतो हे पाहणे अधिक उपयोगी ठरते. ‘घूं’ आणि ‘हूं’ यांत दोन माणसांचे एकमत होणे कठीण. पण ॲक्सिलरेटर सोडल्यावर आवाज थांबला की नाही, यावर दुमत होत नाही.

ॲक्सिलरेटर दाबताच येणारी आणि सोडताच सूर बदलणारी शीळ क्राउन-पिनियनकडे किंवा पिनियनच्या बेअरिंगकडे बोट दाखवते. इगतपुरीहून कसारा घाट गिअरमध्ये उतरताना गाडीच इंजिनाला फिरवत असते, त्यामुळे दातांच्या दुसऱ्या बाजूवर भार येतो. चढताना शांत आणि उतरताना वाजणारी गाडी बहुधा याच भागाची तक्रार सांगत असते. ॲक्सिलरेटरशी संबंध नसलेली, केवळ वेगाबरोबर वाढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची असू शकते. हलक्या वळणावर भार बाहेरच्या चाकावर जातो. डावीकडे वळताना घरघर वाढली, तर उजवे चाक प्रथम तपासावे.

क्लच सोडताना किंवा पुढच्या गिअरमधून मागच्या गिअरमध्ये जाताना येणारा एकच ‘खट्’ हा झिजलेल्या क्रॉसचा, शाफ्टच्या सरकत्या दातांचा किंवा डिफरन्शियलमधील मोकळेपणाचा असतो. मंद वेगात, शाफ्टच्या गतीने येणारी चिमणीसारखी चिवचिव म्हणजे कोरडा पडलेला क्रॉस. तिची उपेक्षा करू नये. क्रॉस तुटून शाफ्टचे पुढचे टोक चालत्या गाडीखाली रस्त्यावर आपटले, तर गाडीवरचा ताबा सुटू शकतो. पूर्ण वळण घेताना पुढून येणारी कटकट अर्धआसाच्या बाहेरच्या जॉइंटची होय. उचललेल्या गाडीत त्यावरील रबरी आवरण, म्हणजे बूट, सतत ताणलेले राहते. ते फाटले की ग्रीस बाहेर जाते आणि चिखल आत येतो.

कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील गिअर टाकून वळल्यास गाडी अडखळते, उसळते. हा दोष नव्हे. पार्ट-टाइम प्रकारात पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी जखडलेले असतात आणि वळणावर त्यांना हवा असलेला गतीतील फरक मिळत नाही, म्हणून असे होते. खडबडीत नक्षीच्या टायरांची गुणगुणही अनेकदा डिफरन्शियलच्या नावावर खपते. काँक्रीटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर येताच सूर बदलला, तर आवाज टायरचाच आहे.

गणिताचा आधार

टायरचा घेर 2.4 मीटर आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर 4 धरू. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी मिनिटाला 1000 मीटर जाते. म्हणजे चाक सेकंदाला सुमारे 7 आणि शाफ्ट सुमारे 28 फेरे घेतो. चाकाच्या असंतुलनाची थरथर सेकंदाला 7 वेळा येते व ती स्टिअरिंगला किंवा आसनाला जाणवते. शाफ्टचे असंतुलन 28 वेळा, तर जॉइंटच्या चुकलेल्या कोनाची थरथर 56 वेळा. पिनियनला 10 दात असतील, तर त्याची शीळ सेकंदाला 280 कंपनांची, म्हणजे स्पष्ट सुराची असते. मोबाइलमधील कंपनमापक ॲपने यातील फरक आज घरबसल्या पाहता येतो.

तपासणीचा क्रम

कोन मोजताना गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर उभी असावी. जॅकवर चढवून चाके लोंबकळत ठेवून फिरवल्यास कोन आणखी वाढतात, आणि रस्त्यावर नसलेला आवाज तेथे ऐकू येतो. अनेक ठिकाणी निदान नेमके येथेच फसते. ट्रान्सफर केसची फ्लँज, शाफ्ट आणि पिनियनची फ्लँज या तीन ठिकाणी कोनमापक लावावा. ते नसल्यास कंपास पेटीतील कोनमापकाला ओळंबा बांधूनही काम भागते. शाफ्ट खोलून पुन्हा बसवला असेल, तर त्यावरील बाणाच्या खुणा जुळतात का ते पाहावे. सरकता भाग एका दाताने जरी चुकला, तरी दोन्ही जॉइंट एका रेषेत राहत नाहीत.

त्यानंतर पुढचा शाफ्ट काढून गाडी टू-व्हीलमध्ये चालवता येते. आवाज गेला, तर शोध निम्म्यावर येतो. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हा प्रयोग करू नये. मागचा शाफ्ट काढण्यापूर्वी चाकांना ओट लावावी. जुन्या विलीज जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकावर असे. शाफ्ट निघाला की तो चाकांना धरू शकत नाही.

कोन चुकलेला आढळल्यास कमानपाट्यांच्या गाडीत आसाच्या बैठकीवर पाचरी घालून पिनियनचे तोंड फिरवतात, तर काही वेळा ट्रान्सफर केस थोडी खाली घेतात. पिनियन वर फिरवल्यावर त्याच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत तेल कमी पोहोचते आणि तेल भरण्याचे छिद्रही फिरते. ‘छिद्रापर्यंत तेल’ ही नेहमीची खूण मग फसवी ठरते.

पाणी

अँटॉप हिलहून शीव, किंग्ज सर्कल वा हिंदमाताकडे पावसाळ्यात जाणाऱ्याला साचलेले पाणी नवे नाही, आणि गाडी उचलण्यामागे तेही एक कारण असते. परंतु गाडी उचलली तरी आस टायरच्या मध्याइतक्याच उंचीवर राहतो. तापलेला आस थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. हे टाळण्यासाठी आसावर श्वासनळी असते. चासी वर गेल्यावर ती ताणली किंवा निसटली नाही ना, हे पाहावे. तेल दुधाळ दिसल्यास ते तत्काळ बदलावे. पावसाळ्यात शिरलेल्या पाण्याने गंजलेले बेअरिंग पुष्कळदा दिवाळीच्या सुमारास वाजू लागते. तेव्हा पाण्याची आठवण कोणालाच राहिलेली नसते आणि दोष मात्र लिफ्ट किटला दिला जातो.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 52 अन्वये निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून वेगळे ठरणारे बदल वाहनात करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये याच अर्थाचा निर्णय दिला. मुंबई (पूर्व) परिवहन कार्यालय अँटॉप हिललगतच्या वडाळा ट्रक टर्मिनल परिसरात आहे.