आंत्रजीवाणू आणि रोगप्रतिकारशक्ती

आंत्रजीवाणू : मुख्यतः मोठ्या आतड्यात वसणारा जीवाणूंचा समुदाय. बुलढाणा जिल्ह्याच्या रोजच्या जेवणातील ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, हरभरा यांमधला न पचलेला तंतुमय भाग हे जीवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारे ब्युटिरेट हे मेदाम्ल आतड्याच्या अस्तरपेशींना ऊर्जा पुरवते आणि दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशींच्या निर्मितीस मदत करते. अस्तर कमकुवत झाल्यास जीवाणूंचे घटक रक्तात उतरून सौम्य, दीर्घकालीन दाह उद्भवू शकतो. लठ्ठपणा व मधुमेहाशी त्याचा संबंध आढळतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ मध्ये भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला व मेगास्फेरा हे जीवाणू तुलनेने अधिक असल्याचे नोंदवले. प्रतिजैविकांच्या अनावश्यक वापराने या समुदायातील वैविध्य घटते.