मनोरा, गुराबा आणि पटावरचे आरमार

तंजावूरच्या राजवाड्याचे नाव काढताच मराठी माणसाला दरबार, सरस्वती महाल ग्रंथालय आणि तेथील मोडी कागदपत्रे आठवतात. समुद्र मात्र आठवत नाही. तथापि याच राजवाड्यात 1798 ते 1832 या काळात नांदलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी पट्टुकोट्टैजवळच्या किनाऱ्यावर ‘मनोरा’ नावाचा षट्कोनी, अनेक मजली बुरूज उभारला. त्यावरील लेखात इंग्रजांचे विजय आणि नेपोलियनचा पाडाव यांचे स्मरण केले असून वर्ष 1814 दिले आहे. पुष्कळजण त्यास वॉटर्लूचे स्मारक समजतात. पण ती लढाई 1815 ची. राज्यकारभार 1799 सालीच कंपनीच्या हाती गेला होता. ज्याच्या हाती राज्य उरले नाही त्या भोसलेकुळातील राजाने परक्याच्या विजयाचा मनोरा बांधावा, हे मनाला लागल्यावाचून राहत नाही.

इंग्रजांच्या त्या यशाचा पाया समुद्रावर घातला गेला, आणि त्याचा अभ्यास काही अंशी टेबलावर झाला होता. एल्डिनचे जॉन क्लार्क हे एडिंबरोचे व्यापारी, खलाशी नव्हेत. लहान लाकडी जहाजे मांडून त्यांनी आरमारी डावपेचांचा विचार केला आणि 1782 साली तो ग्रंथरूपाने मांडला. पुढे 1898 मध्ये फ्रेड जेन यांनी आरमारी युद्धाचा खेळच प्रसिद्ध केला. तेव्हापासून असे खेळ हौसेने खेळले जात आहेत.

या खेळात एक जहाज हलविणे सोपे. रांग हलविणे कठीण. ताफ्याचा वेग त्यातील सर्वांत मंद जहाजाचा धरावा लागतो. वळण्याचे प्रकार दोन. पहिल्यात म्होरक्या जेथे वळेल तेथेच येऊन मागील प्रत्येकाने वळावे. म्हणून त्या जागी खूण ठेवतात आणि रांग अभंग राहते. दुसऱ्यात सर्वांनी एकाच वेळी वळावे. वळण काटकोनी असेल तर एकामागे एक असलेली जहाजे शेजारीशेजारी येतात. वाऱ्याच्या तोंडावर शिडाचे जहाज जाऊ शकत नाही, हे तर दोन्हींत पाळावेच लागते. 21 ऑक्टोबर 1805 रोजी ट्रफाल्गारला नेल्सनने 27 जहाजांच्या दोन रांगा करून शत्रूची 33 जहाजांची रांग तोडली, ती याच विद्येच्या बळावर.

परंतु हेच नियम आंग्र्यांच्या आरमारास लावले, तर ते पटावर हरणारच. आपली रचना निराळी होती. दोन वा तीन डोलकाठ्यांची गुराब दीडशे ते तीनशे टनांची. गलबत लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून तोफेच्या टप्प्यात नेत; गुराबा नाळेवरील तोफांनी शत्रूच्या डोलकाठ्या व दोरखंड तोडीत; मग माणसांनी भरलेली गलबते त्याला जाऊन भिडत. म्हणून मराठी ताफा मांडताना गुराब आणि तिला ओढणारी गलबते यांस एकच तुकडी मानावी. वारा नसताना ती वल्ह्यांच्या वेगाने चालवावी, आणि दोर सोडण्यास एक डाव खर्ची घालावा.

हा खेळ प्रामाणिकपणे खेळावा. 18 ऑक्टोबर 1679 रोजी खांदेरीच्या लढाईत दौलतखानाच्या सुमारे साठ गलबतांनी इंग्रजांची रचना मोडली, ‘डोव्हर’ ही गुराब पकडली. ‘रिव्हेंज’ एकटे उरले. तरीही त्या एकट्या जहाजाने पाच गलबते बुडविली आणि आपल्या ताफ्याला माघार घ्यावी लागली. वल्ह्यांची चपळाई आणि जड तोफांचा मारा, दोन्हींचे मोल पटावर दिसले पाहिजे.

घरापासून दूर वाढणाऱ्या आमच्या मुलांना शिवरायांचे किल्ले ठाऊक असतात. गुराब म्हणजे काय, हे मात्र त्यांना सांगावे लागते. आमच्याही आधी दूरदेशी घर केलेल्या मराठ्यांचा हा राजवाडा पाहावयास जाल, तेव्हा एक दिवस अधिक काढा आणि मुलांसह मनोऱ्यापर्यंत जा. तेथे समुद्राकडे पाहत त्यांना परक्यांच्या त्या रांगांची गोष्ट सांगा; आणि त्यानंतर, अधिक निवांतपणे, आपल्या गुराबांची.