मोडणाऱ्याचे काय?

दूरचित्रवाणी संच व संगणक यांचे प्लॅस्टिक सहज पेटू नये म्हणून कारखानदार त्यात ब्रोमीनयुक्त रसायने मिसळू लागले. हेतू चांगलाच होता. परंतु ज्वलनाची चाचणी एवढेच विचारी : ज्योत लागल्यास वस्तू पेटते का? पुढे ती मोडणाऱ्याचे काय, हा प्रश्न तीत नव्हता. १९९९ साली स्वीडनच्या संशोधकांनी त्याचे उत्तर दिले. जुनी यंत्रे मोडणाऱ्या कामगारांच्या रक्तात ही रसायने रुग्णालयातील सफाई कामगारांपेक्षा अधिक आढळली. २००६ पासून युरोपने व २०१४ पासून भारताने यांतील दोन गटांवर नव्या यंत्रांत ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. जुनी यंत्रे मात्र भंगाराच्या दुकानांत आजही फोडली जातात. म्हणून आम्ही कामगार संघटनेची माणसे म्हणतो : प्रमाण ठरविताना वापरणाऱ्याइतकाच मोडणाऱ्याचाही विचार झाला पाहिजे.